मेंदूच्या संशोधनाकडे जाणारी लांबची वाट

मानवी मेंदूत चेतापेशी किती, या प्रश्नाचे ‘शंभर अब्ज’ हे उत्तर अनेक पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे छापत होती. २००९ साली ब्राझीलमधील संशोधकांनी नव्या पद्धतीने मोजणी केली, तेव्हा हा आकडा ८६ अब्जांच्या आसपास असल्याचे निष्पन्न झाले. ज्या विषयात इतकी प्राथमिक गोष्टही कालपरवापर्यंत अंदाजावर चालली होती, त्या विषयाचे आकर्षण तरुणांना वाटावे यात नवल नाही. प्राणिशास्त्र वा जीवशास्त्राचे पदवीधर, एम.बी.बी.एस. झालेले डॉक्टर, अभियंते, मानसशास्त्राचे विद्यार्थी अशा निरनिराळ्या वाटांनी मुले न्यूरोसायन्सकडे, म्हणजेच चेताविज्ञानाकडे वळतात. घरात मात्र त्यांना एकच प्रश्न विचारला जातो : ‘किती वर्षे लागतील, आणि पुढे काय?’

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, पदवीनंतर पीएच.डी. हाती येईपर्यंत सात ते आठ वर्षे जातात आणि त्यानंतरही स्वतःची प्रयोगशाळा मिळण्यापूर्वी आणखी चार-पाच वर्षांचे उत्तर-डॉक्टरेट संशोधन बहुधा करावेच लागते. आयुष्यातील ऐन उमेदीचा काळ या प्रशिक्षणात खर्ची पडतो. म्हणूनच त्याचे स्वरूप आधी नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

अनेक शाखांचे एक शास्त्र

चेताविज्ञान ही स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून फार जुनी नाही. चेतापेशींच्या रचनेबद्दल कामिलो गोल्गी आणि सांतियागो रामोन इ काहाल यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९०६ साली. चेतातंतूतून विद्युतसंदेश कसा वाहतो, याचे गणिती वर्णन हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये केले. परंतु तोवर मेंदूचा अभ्यास शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र आणि मानसशास्त्र या विभागांत विखुरलेला होता. एकाच मेंदूवर काम करणारी ही मंडळी एकमेकांच्या परिषदांनाही क्वचितच जात. १९६२ साली अमेरिकेत फ्रान्सिस श्मिट यांनी या सर्वांना एकत्र आणणारा संशोधन कार्यक्रम सुरू केला. १९६६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात स्टीफन कफलर यांच्या नेतृत्वाखाली न्यूरोबायॉलॉजीचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि १९६९ मध्ये ‘सोसायटी फॉर न्यूरोसायन्स’ स्थापन झाली. आज जगभर रूढ झालेल्या पीएच.डी. प्रशिक्षणाचा साचा याच काळात घडला. पहिल्या वर्षी सर्व शाखांची तोंडओळख, दोन-तीन प्रयोगशाळांत फिरती आणि मग एका प्रश्नावर दीर्घकाळ काम, असे त्याचे रूप होते.

या संमिश्र स्वरूपामुळेच ‘न्यूरोसायन्ससाठी पदवी कोणती घ्यावी’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. मृगांक सूर यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. आयआयटी कानपूरमधून १९७४ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या सूर यांनी पुढे एमआयटीमध्ये जे प्रयोग केले, ते चेताविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. फेरेट या प्राण्याच्या पिल्लांत डोळ्यांकडून येणारे संदेश त्यांनी मेंदूच्या श्रवणकेंद्राकडे वळवले आणि श्रवणाचा तो भाग दृश्याला प्रतिसाद देऊ लागल्याचे दाखवून दिले. अभियंत्याला सुचावा असाच हा प्रयोग होय.

भारतातील पूर्वपीठिका

भारतात या विषयाची सुरुवात रुग्णालयांतून झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४९ साली जेकब चँडी यांनी मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला आणि १९५१ मध्ये मद्रास येथे ‘न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया’ची स्थापना झाली. त्याच वर्षी बी. के. आनंद यांनी अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्यासमवेत उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये भूक नियंत्रित करणारे केंद्र शोधले. पुढे आनंद यांनीच दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये शरीरक्रियाशास्त्र विभागाची पायाभरणी केली. फुप्फुसातील ‘जे’ संवेदक शोधणारे ऑटर सिंग पैंतल हे त्याच पिढीतले. एका चेतातंतूतील संदेश स्वतंत्रपणे नोंदवण्याचे त्यांचे कौशल्य जगभर वाखाणले गेले.

मुंबईचा वाटाही या इतिहासात मोठा आहे. जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया यांनी आर. के. स्वामी यांच्यासह १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. चालताना तोल जाणे आणि डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होणे ही त्याची लक्षणे होत. त्यामागील जनुक सापडले ते पंचवीस वर्षांनी, १९९६ साली. बाह्यरुग्ण विभागात बारकाईने केलेल्या निरीक्षणातून मूलभूत संशोधन कसे उभे राहते, याचा हा वस्तुपाठ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा.

दुसरी धारा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून, म्हणजे टीआयएफआरमधून निघाली. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६२ मध्ये ओबेद सिद्दीकी तेथे रुजू झाले आणि रेण्वीय जीवशास्त्राचा गट स्थापन झाला. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी सिद्दीकी अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत गेले. तापमान वाढताच ज्यांना लकवा होतो आणि ते उतरताच ज्या पुन्हा उडू लागतात, अशा फळमाशांवर त्यांनी तेथे काम केले. मुंबईत परतल्यावर त्यांनी याच फळमाशीच्या वासाच्या व चवीच्या ज्ञानाचा अभ्यास हाती घेतला. गोव्यात मूळ असलेल्या कुटुंबातील, केनियात जन्मलेल्या आणि डब्लिनमध्ये शिकलेल्या व्हेरॉनिका रॉड्रिग्ज या त्यांच्याकडे पीएच.डी.साठी आल्या. वास व चव ओळखू न शकणाऱ्या माशांविषयीचे त्या दोघांचे १९७८ सालचे संशोधन भारतीय नियतकालिकातच प्रसिद्ध झाले होते. जगाचे लक्ष वेधण्यासाठी परदेशी नियतकालिक लागतेच, या समजुतीला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. रॉड्रिग्ज पुढे त्याच संस्थेत प्राध्यापक झाल्या. २०१० साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची एक पिढी उभी राहिली होती. याच परंपरेतून नव्वदच्या दशकाच्या आरंभी बंगळुरूला नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस, म्हणजे एनसीबीएस, आकाराला आले.

शिक्षण कोठे मिळते

केवळ मेंदूसंशोधनासाठी उभारलेली देशातील प्रमुख संस्था म्हणजे हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, अर्थात एनबीआरसी. मेंदूशल्यविशारद पी. एन. टंडन आणि संस्थापक संचालक विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या प्रयत्नांतून ते आकारास आले. त्याला २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि डिसेंबर २००३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. जैवतंत्रज्ञान विभागाच्या १४ स्वायत्त संस्था २०२३ मध्ये ‘ब्रिक’ या एका परिषदेखाली आणण्यात आल्या, त्यांत या केंद्राचाही समावेश आहे. न्यूरोसायन्स या नावाने एम.एस्सी. आणि पीएच.डी. दोन्ही करता येणाऱ्या देशातील मोजक्या ठिकाणांपैकी हे एक आहे. मणक्याला इजा झाल्यानंतर माकडांच्या मेंदूतील स्पर्शाचा नकाशा कसा बदलतो, हा तेथील बहुचर्चित संशोधनविषय.

बंगळुरू हे या विषयाचे दुसरे, आणि कदाचित सर्वांत मोठे, केंद्र मानावे लागेल. तेथील निम्हान्स ही संस्था १९७४ साली मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून निर्माण झाली व २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. रुग्ण आणि प्रयोगशाळा एकाच आवारात असणे हे तिचे वैशिष्ट्य. तेथील मानवी मेंदूपेढी १९९५ पासून कार्यरत असून मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास तेथे होतो. भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयएससीमध्ये, २००९ मध्ये न्यूरोसायन्स केंद्र सुरू झाले. त्याच आवारातील मेंदू संशोधन केंद्र कोलारजवळच्या श्रीनिवासपूर भागातील ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. वयानुसार मेंदूत होणारे बदल टिपणे हा त्याचा हेतू. एनसीबीएसच्या कामाची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण पुरे. दीर्घकाळच्या ताणामुळे उंदरांच्या मेंदूत स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखडतात, तर भीतीशी निगडित अमिग्डालामधील शाखा उलट वाढतात, हे २००२ साली सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने निम्हान्समधील सहकाऱ्यांसह दाखवले. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक पीएच.डी.चे विद्यार्थी होते.

महाराष्ट्रात राहूनच हे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी टीआयएफआर आणि पुण्याची आयसर या दोन संस्था प्रामुख्याने पाहाव्या लागतील. टीआयएफआरमधील शुभा तोळे गर्भावस्थेत मेंदू कसा घडतो, याचा अभ्यास करतात. एलएचएक्स-२ हे जनुक मेंदूच्या बाह्यकाची ओळख ठरवते, हे अमेरिकी सहकाऱ्यांसह त्यांनी २००८ साली ‘सायन्स’मध्ये मांडले. २०१० चे भटनागर पारितोषिक आणि २०१४ चे इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळाले. त्याच विभागातील विदिता वैद्य भावना आणि सेरोटोनिन यांच्या संबंधावर संशोधन करतात. त्यांना भटनागर पारितोषिक २०१५ मध्ये आणि इन्फोसिस पारितोषिक २०२२ मध्ये मिळाले. दोघींचेही पदवीशिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले, दोघींनी अमेरिकेत पीएच.डी. केली आणि दोघी परत आल्या. २००६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या आयसरमध्ये झेब्रा फिंच पक्ष्याच्या गाण्यापासून संगणकीय प्रतिमानांपर्यंत निरनिराळ्या विषयांवर काम चालते. पदवीनंतर थेट एकात्मिक पीएच.डी.ला प्रवेश मिळण्याची सोयही तेथे आहे.

भाषा, स्मृती, निर्णयप्रक्रिया यांकडे ओढा असलेल्यांसाठी संज्ञानविज्ञान ही शेजारची शाखा आहे. अलाहाबाद विद्यापीठातील केंद्र, हैदराबाद विद्यापीठ आणि आयआयटी गांधीनगर येथे ती शिकवली जाते. मानसशास्त्राचे पदवीधर येथे अधिक सहज सामावले जातात. आयआयटी मद्रासमध्ये २०२२ साली स्थापन झालेल्या मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये मानवी गर्भाच्या मेंदूच्या पाच हजारांहून अधिक छेदांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या. असे काम अभियंते, विकृतिशास्त्रज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी एकत्र येऊनच होऊ शकते.

प्रवेशाचे टप्पे

पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी, आयसीएमआरची परीक्षा किंवा गेट यांपैकी एखादी उत्तीर्ण असणे बहुतेक ठिकाणी अपेक्षित असते. टीआयएफआर आणि एनसीबीएस आपली स्वतंत्र प्रवेशपरीक्षा घेत आले आहेत. लेखी परीक्षा ही केवळ चाळणी होय. निवड होते ती मुलाखतीत. तेथे पाठांतराचा उपयोग नाही. एखादा आलेख समोर ठेवून ‘यावरून काय म्हणता येईल, आणि काय म्हणता येणार नाही’ असे विचारले जाते, आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत अव्वल असलेले अनेक विद्यार्थी याच प्रश्नाशी अडखळतात. आपल्या महाविद्यालयांतील प्रात्यक्षिके ठरावीक उत्तर काढून दाखवण्यापुरती उरली आहेत, त्याचा हा परिणाम म्हणावा लागेल.

नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमावलीने या क्षेत्रात बरेच बदल केले. चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यास पदव्युत्तर पदवीशिवाय पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो. किमान तीन व कमाल सहा वर्षांची मुदत ठरली असून महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांची अधिक सवलत मिळते. महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा घेता येते. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची अट काढून टाकण्यात आली. संस्था स्वतःचे नियम याहून कडक ठेवू शकत असल्याने प्रत्येक ठिकाणची पुस्तिका स्वतंत्रपणे वाचावी. परीक्षांच्या वेळापत्रकावर फार विसंबू नये, हेही अनुभवाने शिकवले आहे. २०२४ च्या जून महिन्यात यूजीसी-नेट परीक्षा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि सीएसआयआर-नेट महिनाभर पुढे गेली. त्याची झळ वर्षभर तयारी केलेल्यांना बसली.

प्रयोगशाळेतील वर्षे

प्रवेश मिळाल्यानंतरचे पहिले सहा महिने ते वर्ष अभ्यासक्रम आणि फिरती यांत जाते. फिरतीत विद्यार्थी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करतो आणि अखेरीस मार्गदर्शक निवडतो. हा निर्णय विषयाच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचा आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. विषय दुसऱ्या वर्षी बदलता येतो, मार्गदर्शक बदलणे मात्र फार अवघड जाते. नंतर व्यापक परीक्षा होते. त्यात विद्यार्थ्याने आपला संशोधनप्रस्ताव समितीसमोर मांडून त्याचे समर्थन करायचे असते.

त्यापुढची वर्षे कशी असतात, याची कल्पना बाहेरच्यांना सहसा नसते. ‘पॅच क्लॅम्प’ या तंत्राचे उदाहरण घेऊ. १९७६ मध्ये नेहर आणि झाकमान यांनी ते विकसित केले व १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. उंदराच्या मेंदूचे सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर जाडीचे काप प्राणवायू मिसळलेल्या द्रावणात काही तास जिवंत राहतात. केसाहून कितीतरी बारीक टोकाची काचनळी सूक्ष्मदर्शकाखाली एकाच चेतापेशीच्या आवरणाला चिकटवायची आणि तिच्यातून वाहणारा अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजायचा. सकाळी काप नीट निघाला नाही तर दिवस वाया जातो. काप चांगला आणि पेशी रुसलेली, असेही होते. हा हात बसायला सहा महिने तरी लागतात. तोवर वहीत नोंदवण्याजोगे काहीच हाती येत नाही आणि त्याच काळात बरोबरीचे मित्र कंपन्यांत पहिल्या बढतीची पार्टी देत असतात.

ज्यांचे काम मानवी मेंदूवर असते त्यांची अडचण निराळी. एमआरआय यंत्राची वेळ मिळवणे, स्वयंसेवक जमवणे, नैतिकता समितीची मंजुरी घेणे यांत महिने जातात. मिळालेली माहिती प्रचंड असते आणि तिच्यातून हवा तो निष्कर्ष काढण्याचा मोह त्याहून मोठा. २००९ साली काही अमेरिकी संशोधकांनी मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. संख्याशास्त्रीय दुरुस्ती न करता विश्लेषण केल्यावर त्या मेलेल्या माशाच्या मेंदूतही ‘सक्रियता’ दिसली! प्रयोग गमतीचा असला तरी संख्याशास्त्राच्या वर्गात तो आज गंभीरपणे शिकवला जातो. २०१३ च्या एका आढाव्यानुसार चेताविज्ञानातील अभ्यासांची संख्याशास्त्रीय क्षमता सरासरी अवघी २१ टक्क्यांच्या घरात होती. म्हणजेच खरा परिणाम असूनही तो हुकण्याची शक्यता फार मोठी. त्यामुळे संख्याशास्त्र आणि संगणकाची किमान एक भाषा, बहुधा पायथन किंवा मॅटलॅब, ही आता प्रत्येक विद्यार्थ्याची गरज बनली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि त्यांच्यातील कोट्यवधी जोडण्या आहेत. ही माहिती कोणालाही विनामूल्य पाहता येते. महागडी उपकरणे नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही त्यावर काम करता येईल, ही बाब आपल्याकडे अजून पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

प्राण्यांवरील प्रयोग हा या प्रशिक्षणातील नाजूक भाग. १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम यांनुसार प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती असावी लागते व प्रयोगात किती प्राणी वापरणार, त्यांना वेदना होऊ नयेत म्हणून काय करणार आणि पर्यायी पद्धत का चालणार नाही, याचे लेखी समर्थन द्यावे लागते. प्रशिक्षण घेतल्याखेरीज विद्यार्थ्याला प्राण्याला हात लावता येत नाही, आणि हे योग्यच आहे. तरीही स्वतः वाढवलेला उंदीर प्रयोगाअंती मारावा लागणे अनेकांच्या मनाला लागते. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी संकोच न करता माशी, कृमी, मानवी अभ्यास किंवा संगणकीय प्रतिमाने यांकडे वळावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

साहित्याच्या खरेदीचा प्रश्न भारतीय प्रयोगशाळांना विशेष भेडसावतो. अँटीबॉडीसारखी रसायने परदेशातून थंड पेटीत मागवावी लागतात. विमानतळावर खोळंबा झाला की ती निकामी होतात. सरकारी खरेदीच्या नियमांनी ही दिरंगाई आणखी वाढत असे. जून २०२५ मध्ये केंद्राने संशोधन संस्थांसाठी हे नियम काहीसे शिथिल केले. परदेशात दोन दिवसांत मिळणाऱ्या बाटलीची दोन महिने वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा बदल मोठाच आहे.

संशोधनातील प्रामाणिकपणाचे शिक्षणही आता अभ्यासक्रमाचा भाग झाले आहे. अल्झायमर विकारातील एका विशिष्ट प्रथिनसमूहाला दोषी ठरवणारा २००६ सालचा ‘नेचर’मधील बहुचर्चित निबंध, त्यातील प्रतिमांत फेरफार झाल्याचे आढळल्यावर २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. मधल्या अठरा वर्षांत त्याच दिशेने किती विद्यार्थ्यांचे प्रबंध गेले असतील, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे.

पैसा आणि मनःस्थिती

कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, २०१४ मध्ये दरमहा २५ हजार रुपये होती. देशभरातील संशोधक विद्यार्थ्यांनी केलेल्या आंदोलनानंतर २०१९ मध्ये ती ३१ हजार आणि जानेवारी २०२३ पासून ३७ हजार रुपये झाली. दोन वर्षांनंतर मिळणारी वरिष्ठ शिष्यवृत्ती ४२ हजारांची आहे. घरभाडे भत्ता वेगळा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीत पहिली दोन वर्षे दरमहा ७० हजार रुपये मिळतात, पण तिचे मानकरी मोजकेच. वसतिगृह असेल तर या रकमेत एकट्याचे भागते, मुंबईत भाड्याच्या खोलीत राहून घरी पैसे पाठवायचे तर भागत नाही. शिष्यवृत्ती कागदावर किती यापेक्षा ती हातात कधी पडते हा प्रश्न अधिक बिकट आहे. काही महिने रक्कम न मिळाल्याच्या तक्रारी दरवर्षी कोठून ना कोठून येतच असतात. कनिष्ठ मध्यमवर्गीय घरातील मूल अशा वेळी संशोधन सोडते, सुस्थितीतील टिकून राहते. गुणवत्तेची ही गळती कोणत्याही परीक्षेच्या निकालात दिसत नाही.

मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांच्या स्वतःच्या मनाचे काय? २०१८ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या, २६ देशांतील २,२७९ पदव्युत्तर व पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या पाहणीत ३९ टक्के विद्यार्थ्यांत मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. सर्वसाधारण लोकसंख्येशी तुलना करता हे प्रमाण सहा पटींहून अधिक होते. मार्गदर्शकाशी असलेला संबंध चांगला असेल तर लक्षणे कमी, असेही त्या पाहणीत दिसले. पाहणीत उत्तरे देणारे स्वेच्छेने पुढे आले होते, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असू शकेल. पण प्रश्न खरा आहे. विद्यार्थ्याचे भवितव्य एकाच व्यक्तीच्या शिफारसपत्रावर अवलंबून असणे हे त्याचे एक मूळ होय. म्हणूनच मार्गदर्शकाव्यतिरिक्त आणखी दोन-तीन प्राध्यापकांची सल्लागार समिती असते. ती दरवर्षी खरोखर बसते की केवळ सह्या करते, हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

परदेशाचा पर्याय

अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळतो, शुल्क माफ असते, निर्वाहवेतन मिळते आणि साधारण पाच ते सहा वर्षे लागतात. अर्ज बहुधा डिसेंबरच्या सुमारास करावे लागतात. जीआरईची अट अनेक विद्यापीठांनी काढून टाकल्यामुळे प्रत्यक्ष संशोधनाचा अनुभव आणि शिफारसपत्रे यांचे महत्त्व वाढले आहे. मात्र २०२५ मध्ये सरकारी संशोधननिधीत झालेल्या कपातीमुळे तेथील काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या, काहींनी दिलेले प्रवेशही मागे घेतले. केवळ अमेरिकेवर भिस्त ठेवून वर्ष घालवणे त्यामुळे जोखमीचे झाले आहे. जर्मनीत माक्स प्लांक संस्थेशी निगडित पदव्युत्तर शाळा आहेत. ग्योटिंगेनचा न्यूरोसायन्स कार्यक्रम २००० पासून चालू आहे व त्याचे माध्यम इंग्रजी आहे. गणित-संगणकाकडे कल असलेल्यांसाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील, जेफ्री हिंटन यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला गॅट्सबी विभाग प्रसिद्ध आहे.

परत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी आणि रामानुजन या शिष्यवृत्त्या तसेच इंडिया अलायन्सचे अर्थसाहाय्य उपलब्ध आहे. तरीही भारत संशोधन व विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्केच खर्च करतो, हा २०२०-२१ चा आकडा विसरता येत नाही. प्राध्यापकपदे मर्यादित असल्याने अनेक पीएच.डी.धारक औषधकंपन्या, वैद्यकीय उपकरणे, माहितीविश्लेषण, कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा विज्ञानलेखन यांकडे वळतात. त्यांना ‘गळालेले’ म्हणण्याची आपल्या संस्थांतील सवय आता जुनी व्हायला हवी.

पदवीच्या वर्षातच काय करावे

भारतीय विज्ञान अकादमीची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती दोन महिन्यांची असते. टीआयएफआरचाही उन्हाळी कार्यक्रम आहे. अर्ज आदल्या वर्षाच्या हिवाळ्यातच करावे लागतात आणि नेमकी हीच गोष्ट मुंबई-पुण्याबाहेरच्या महाविद्यालयांत वेळेवर पोहोचत नाही. निवड झाली नाही तर जवळच्या विद्यापीठातील प्राध्यापकाला, त्याचे दोन शोधनिबंध वाचून, थेट पत्र लिहावे. दहा पत्रांना एक उत्तर येते, पण येते. बेअर, कॉनर्स आणि पॅराडिसो यांचे पाठ्यपुस्तक प्रारंभासाठी उत्तम. कँडेल यांचे १९८१ पासूनचे जाडजूड पुस्तक नंतर हाती घ्यावे, २०२१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती निघाली. २०२० साली सुरू झालेल्या ‘न्यूरोमॅच’ या ऑनलाइन शाळेचे संगणकीय चेताविज्ञानाचे धडे विनामूल्य पाहता येतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी इंग्रजी निबंध वाचताना पहिल्या महिन्यात येणाऱ्या धास्तीला फार महत्त्व देऊ नये. आठवड्याला एक निबंध, आकृत्यांपासून सुरुवात करून, असा क्रम ठेवल्यास वर्षअखेरीस पन्नास निबंध वाचून होतात. मुलाखतीच्या दिवशी समोर आलेखाचा कागद सरकवला जातो, तेव्हा याच सवयीची कसोटी लागते.